पाळणाघर सुरू करताय? आधी घरभर रांगून या

नवीन पाळणाघर दाखवताना बहुतेक जण आधी भिंती दाखवतात. कार्टूनची चित्रं, अ-आ-इ-ई, रंगीत मॅट, कोपऱ्यात कॅमेरा. हे सगळं पालकांना आवडतं. दीड वर्षाच्या पोराचं घर म्हणजे जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंतची जागा, आणि तिथे काय काय हाताला लागतं ते उभं राहून कधीच कळत नाही.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये किंवा गावातल्या बैठ्या घरात आठ-पंधरा मुलं सांभाळणाऱ्या काकूंसाठी हे लिहिलंय. कंपन्यांचं वेगळं आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करावीच लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येता येतं. घरगुती पाळणाघराची भिस्त मात्र चालवणारीच्या शिस्तीवर असते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं तिच्यावर उभं आहे. मुलं मजेत खेळत असतात आणि सगळ्यांची नजर तिथे असते, तेव्हा सहसा काही होत नाही. घोटाळा होतो तो सांध्यावर: सकाळी सोडायला एकदम चार पालक आले, दुपारी एक मावशी जेवायला बसली, झोपून उठल्यावर तिघांचे डायपर एकदम ओले निघाले, संध्याकाळी बेल वाजली. ‘मला वाटलं तू बघतेयस’ हे वाक्य अशाच वेळी ऐकू येतं. म्हणून नियम करताना या वेळा डोळ्यांसमोर ठेवा.

घराची पाहणी

खरोखर गुडघ्यांवर या आणि दारापासून सुरुवात करून प्रत्येक खोलीतून फिरा. हातात वही ठेवा. सॉकेट, एक्स्टेन्शन बोर्ड, फ्रिजमागची वायर, ओट्यावरून लोंबणारी मिक्सरची वायर, पडद्याच्या दोऱ्या, टेबलक्लॉथचा लोंबता कोपरा. टीव्हीचं युनिट आणि पुस्तकांचं कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं करून घ्या, कारण मूल ड्रॉवर उघडून त्याची पायरी करतं आणि कपाट अंगावर येतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसू लागताच वीज तोडणारा स्विच, आहे का ते तपासा. नसेल तर सॉकेटची प्लास्टिकची झाकणं आणण्याआधी तो बसवा.

खिडकीला ग्रिल आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. ग्रिलला लागून दिवाण किंवा सोफा असेल तर तो हलवा. गजांमधून डोकं जाईल इतकी फट असेल तर आतून जाळी मारून घ्या. ग्रिलची खिडकी उघडत असेल तर कुलुपाची किल्ली एका ठरलेल्या खिळ्यावर, मोठ्यांच्या हाताला येईल अशी हवी. पडण्यापासून वाचवणारी ग्रिल आगीच्या वेळी अडवणारी ठरायला नको.

देवघर हा आपल्याकडचा खास धोका, आणि सुरक्षेच्या छापील यादीत तो सापडत नाही. समई, उदबत्ती, काडेपेटी, सुट्टी नाणी आणि कापूर. कापूर गिळला तर लहान मुलाला काही मिनिटांतही झटके येऊ शकतात. कपाटातल्या डांबरगोळ्याही तशाच घातक. सर्दीसाठी कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधून पाठवणारे पालक आजही आहेत. ती सकाळी दारातच काढून परत द्या. उंदराच्या विषाची ट्यूब तर पाळणाघर चालतं त्या घरात नकोच. फिनेल आणि अॅसिड कधीही कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवू नका.

खेळण्यांवर आयएसआय चिन्ह पाहून घ्या. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे ते सक्तीचं आहे. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी सोपी कसोटी म्हणजे टिश्यू रोलच्या आतली पुठ्ठ्याची नळी: जी वस्तू तिच्यातून आरपार जाते ती घशात अडकू शकते. गाणं म्हणणाऱ्या खेळण्यांतले आणि रिमोटमधले बटण सेल वेगळ्याने बघा. सेलचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ती वस्तू घराबाहेर. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजू शकतो. मुलाने गिळला असा नुसता संशय आला तरी थेट मोठं, एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. उलटी करायला लावू नका.

बाथरूम

यावर जरा थांबते, कारण पालक ही खोली बघतच नाहीत. पाणी सकाळी तासभर येतं, म्हणून आपल्या घरांत बादल्या, टब, पिंप भरून ठेवायची सवय असते. नुकतं उभं राहायला शिकलेलं मूल बादलीच्या काठाला धरून आत वाकतं. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड, त्यामुळे तोल गेला की ते उलटं आत जातं आणि स्वतःला बाहेर काढू शकत नाही. दोन इंच पाणीही पुरतं. ना रडण्याचा आवाज येतो, ना आपटण्याचा. म्हणून मुलं घरात असताना बादल्या रिकाम्या आणि पालथ्या, पिंपाला घट्ट बसणारं झाकण, आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून, मोठ्यांच्या खांद्याच्या उंचीवर कडी.

आतली खालची कडी मात्र काढूनच टाका. तीन वर्षांचं मूल आत जाऊन कडी लावतं, मग ती उघडता येत नाही आणि सुतार येईपर्यंत आत-बाहेर दोन्हीकडे रडारड. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर मुलांसाठी ती जागा वापरू नका. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग.

माणसं

किती मुलांमागे किती बायका? माझा हिशेब आगीवरून ठरतो. एका बाईला दोन कडा. इमारत रिकामी करायची वेळ आली तर ती न चालणारी दोन मुलं घेऊन जिना उतरेल, फार तर तिसरं झोळीत बांधून. तेव्हा दीड वर्षाखालच्या तीन मुलांमागे एक मोठं माणूस, याच्यावर जाऊ नका. मोठी मुलं मिसळली तरी घरात कुठल्याही क्षणी दोन मोठी माणसं हवीतच. एकटीने पाच मुलंसुद्धा सांभाळू नयेत, कारण एकाला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं तर उरलेल्या चौघांजवळ कोण?

मावशी ठेवताना आधीच्या घरी स्वतः फोन करा, पोलिस पडताळणी करून घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा. कामाच्या वेळात तिचा मोबाइल कपाटावर. तुमचाही.

आता नाजूक मुद्दा. घरगुती पाळणाघरात मावशीची चौकशी होते. काकूंचा भाचा, कॉलेजातला मुलगा, दुपारी येणारा प्लंबर यांची होत नाही. नियम सगळ्यांना सारखा असावा: ठरलेल्या बायकांशिवाय कोणीही मुलांजवळ एकटं नसेल, डायपर बदलणं आणि शीला नेणं दार उघडं ठेवून, दुसरीच्या नजरेच्या टप्प्यात. घरच्यांना राग येईल, येऊ द्या. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्यानुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरतो, ‘आधी घरात बोलून बघू’ याला जागा नाही. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ मावश्यांनाही पाठ हवी.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत सापडली आणि राज्यभर गाजली. कॅमेरा होता म्हणून ती बाहेर आली, पण मारहाण थांबली नव्हती. कॅमेरा लावा, त्यावर फार विसंबू नका. चिडलेल्या मावशीला ‘मी जरा बाहेर जाऊन येते’ म्हणायची मुभा असणं जास्त कामाचं.

सकाळचा दरवाजा

मूल आत घेण्याआधी पालक समोर असतानाच मिनिटभर बघायचं. कपाळ आणि मान गरम आहे का, डोळे लाल आहेत का, अंगावर पुरळ, तळहातावर फोड, नाकपुड्या फुगवून श्वास घेतंय का, खरचटल्याचा जुना व्रण कुठे आहे. व्रण असेल तर वहीत लिहून पालकांची सही. हे आधी झालं नाही तर संध्याकाळी तो व्रण तुमच्या नावावर जातो. रात्री झोप झाली का, शी कशी झाली, सकाळी कुठलं औषध दिलं, हेही तेव्हाच विचारा. पॅरासिटामॉल पाजून ताप उतरवून सोडण्याची चलाखी सर्रास चालते. साडेअकराला मूल पुन्हा तापतं.

आजारपणाचे नियम प्रवेशाच्या दिवशीच छापून द्या आणि एकासाठीही मोडू नका. ताप असेल तर औषधाशिवाय २४ तास उतरलेला हवा. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास व्हायला हवेत. कांजिण्यांत प्रत्येक फोडावर खपली धरेपर्यंत घरी. गोवर असेल तर पुरळ आल्यानंतर चार दिवस, आणि तो पुरळ येण्याआधी चार दिवसही पसरलेला असतो, म्हणून बाकीच्या पालकांना लगेच कळवा. पावसाळ्यात हात-पाय-तोंडाच्या फोडांची साथ पाळणाघरांतून फिरतेच. ताप जाऊन फोड सुकेपर्यंत सुट्टी. डोळे आले तर चिकटा थांबेपर्यंत. २०२३ च्या जुलैत आळंदीपासून डोळ्यांची साथ किती वेगाने पसरली ते आठवत असेल. साधी सर्दी, ताप नाही, मूल खेळतंय, तर घ्या. नाहीतर पाळणाघर वर्षातले सहा महिने बंद ठेवावं लागेल.

लसीकरणाच्या कार्डाची प्रत घ्या आणि तारखा खरंच वाचा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी, नवव्या महिन्यानंतरचा गोवर-रुबेलाचा पहिला डोस, १६ ते २४ महिन्यांतला दुसरा. हा दुसरा डोस हमखास राहतो, कारण तोवर आई कामावर रुजू झालेली असते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, गोवंडी भागात, गोवराने लहान मुलं दगावली. लस न झालेलं एक मूल आठ महिन्यांच्या बाळाशेजारी झोपतं हे लक्षात ठेवा. त्या बाळाचं तर लसीचं वयच अजून झालेलं नसतं.

हात, डायपर, फरशी

साबण आणि वाहतं पाणी, २० सेकंद. आल्यावर, खाण्याआधी, डायपरनंतर, नाक पुसल्यावर, बाहेरून खेळून आल्यावर. सॅनिटायझर जुलाबाच्या काही विषाणूंवर फारसा चालत नाही आणि मुलं तो चाटतात, तेव्हा तो उंचावर ठेवा.

डायपर बदलायची जागा स्वयंपाकघरापासून लांब. आधी सगळं सामान हाताशी घ्या, मग मूल झोपवा, आणि एक हात कायम त्याच्या पोटावर. टेबलापेक्षा जमिनीवर अंथरलेलं रेक्झिन बरं, तिथून कोणी पडत नाही. डायपरमधली शी संडासात टाकून तो कागदात गुंडाळा आणि वेगळा द्या. पुण्यात अशा पुडक्यावर लाल ठिपका काढायची पद्धत कचरावेचक ताईंच्या ‘स्वच्छ’ संस्थेने रुजवली, ती कुठेही पाळावी अशी आहे. मग रेक्झिन पुसा, बाळाचे हात धुवा, स्वतःचेही.

रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरे. उलटी किंवा जुलाब सांडले तर आधी पुसून घ्या, नंतर बाजारातल्या ५ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचे २० मिली एक लिटर पाण्यात घालून ती जागा ओली ठेवा, दहा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा. हे पाणी रोज ताजं करा. संडास धुवायच्या अॅसिडच्या क्लीनरमध्ये ते मिसळलं तर क्लोरीन वायू निघतो, म्हणून दोन्ही बाटल्या एका बादलीत नकोत. मावशीला हे समोर उभं राहून सांगा, लेबलवर विसंबू नका.

डासांचं थोडक्यात. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका मुलं तुमच्याकडे असतात तेव्हा. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, साठलेलं सगळं पाणी ओतून टाकायचा. फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या ताटल्या, कूलर. कॉइल लावू नका, खिडक्यांना जाळी लावा.

जेवण आणि दूध

घशात अडकणारे पदार्थ आपल्या खाऊच्या डब्यातच असतात: फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं, बोरं, पॉपकॉर्न, गोळ्या, कच्च्या गाजराचे तुकडे, जेली. चार वर्षांखालच्या मुलांना हे द्यायचंच नाही. द्राक्षं उभी चिरून चार फोडी, दाणे कूट करून, गाजर उकडून. डब्यात चिक्की आली तर तशीच परत पाठवा. मूल बसलेलं असतानाच खाईल, पळताना किंवा हसवताना घास नको. आणि एक बाई फक्त मुलांच्या तोंडांकडे बघत बसेल, वाढायला दुसरी.

वर्षाखालच्या बाळाला मध नाही, चाटण म्हणून बोटभरही नाही. मधातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाला बोट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. आजीबाईंशी यावरून वाद होईल, तेव्हा डॉक्टरांचं नाव पुढे करायला हरकत नाही.

आईचं काढलेलं दूध आलं की नाव, तारीख, वेळ लिहून लगेच फ्रिजच्या आतल्या भागात. दारातल्या कप्प्यात नको. बाहेर थंड खोलीत ते चार तास टिकतं, पण आपल्या एप्रिल-मेच्या खोलीला थंड कोण म्हणेल? गरम करायचं ते कोमट पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून. मायक्रोवेव्हमध्ये मधेच उकळतं आणि तोंड भाजतं. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं बरं, घासायला सोपं. बाळाने उष्टं सोडलेलं दूध पुन्हा द्यायचं नाही.

सकाळचा भात संध्याकाळी फोडणी देऊन वाढणं टाळा. खोलीत राहिलेल्या भातात तयार झालेलं विष गरम करूनही जात नाही. वरणभात, खिमट, नाचणीचं सत्त्व, उपमा, जे काही ते दोन तासांत संपवा. कुणाला दाण्यांची, दुधाची, अंड्याची अॅलर्जी असेल तर नाव आणि फोटो ओट्यासमोर चिकटवा. वहीत लिहिलेलं मावशीला जेवणाच्या गर्दीत आठवत नाही.

झोप

बाळ पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर. वर्षाखालच्या बाळाजवळ उशी, मऊ रजई, टेडी, मोहरीची उशी काही नको. लोखंडी पाळणा असेल तर दोन गजांतलं अंतर ६ सेंमीपेक्षा जास्त नसावं. साडीची झोळी घरी आईसमोर ठीक असेल, पाळणाघरात नाही. बाळ उठून बसलं की कापडाचा पीळ मानेभोवती बसतो, आणि दोन-चार वर्षांची मुलं तिच्यात झोके घ्यायला जातात. दुपारी दिवे मालवा, पण चेहरे दिसायला हवेत, आणि दर पंधरा मिनिटांनी एकजण फेरी मारून श्वास बघेल. गळ्यातला काळा दोरा, ताईत, बिब्याची माळ झोपायच्या आधी काढून ठेवायची हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.

औषध

डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणि पालकांनी त्या दिवशी लिहून दिल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. मूळ बाटली, मुलाचं नाव, किती मिली, किती वाजता, दिल्यावर सही. कारण बघा: एकाच नावाचं पॅरासिटामॉल थेंबांत साधारण १०० मिलिग्रॅम प्रति मिली असतं, तर सिरपमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅम प्रति ५ मिली. फोनवर ‘५ मिली द्या’ ऐकून थेंबांच्या बाटलीतले ५ मिली पाजले तर बाळाला ५०० मिलिग्रॅम जातात.

खोकल्याचं सिरप तर अजिबात मनाने नाही. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात दूषित सिरपने मुलं दगावली, त्यातली बरीच नागपूरला उपचाराला आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा संचालनालयाने दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं कळवलं.

ओआरएस, म्हणजे जुलाबात पाण्यातून द्यायची क्षार-साखरेची पूड, घरात असावं. मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं घालायचं, छोटं २०० मिलीचं. अंदाजाने अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात नको, क्षार जास्त झाले तर अपाय होतो. तयार पाणी २४ तासांनी फेकून द्या. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायलाही मनाई केली.

संध्याकाळची बेल

न्यायला कोण येऊ शकतं त्यांची फोटोसह यादी, जास्तीत जास्त चार जण. यादीबाहेरचा मामा आला तर आईचा फोन तुमच्याकडच्या नंबरवरून तुम्ही लावायचा, त्याच्या मोबाइलवर दिलेला नाही. दार उघडणारी बाई फक्त दार बघेल, मुलांजवळ दुसरी. मूल ओळखीच्या हाताकडे धावतं आणि जिन्यावर किंवा लिफ्टमध्ये एकटं पोचतं, म्हणून आतला जाळीचा दरवाजा एका मुलापुरताच उघडायचा. गेलेल्या प्रत्येकाची वेळ लिहा, आणि शेवटी घर मोजून मगच कुलूप.

काही झालंच तर

भिंतीवर मोठ्या अक्षरांत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि तुमचा पूर्ण पत्ता. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही.

घशात अडकलं आणि मूल खोकतंय, रडतंय, तर त्याला खोकू द्या. आवाज बंद झाला तर वर्षाखालच्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली, खांद्यांच्या मधोमध पाच थापा. मग उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब. वर्षावरच्या मुलाला पुढे वाकवून पाच थापा आणि बेंबीच्या वर पोटावर पाच झटके. अडकलेलं निघेपर्यंत हेच आलटून पालटून. तोवर दुसरी फोन लावेल. मूल निपचित पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं, सुरू करायचा. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नका, ती आणखी आत जाते. हे वाचून येत नाही, वर्षातून एकदा सगळ्याजणींनी बाहुलीवर शिकून घ्या.

भाजलं तर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. तापात झटका आला तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका, थांबला तरी डॉक्टर. डोक्यावर पडलं आणि नंतर पुन्हा पुन्हा उलट्या, गुंगी, वेगळंच वागणं दिसलं तर हॉस्पिटल. विषारी काही प्यायलं तर उलटी न करवता बाटलीसकट न्या.

आगीची तालीम दर तीन महिन्यांनी, मुलांसह. गाठी मारलेली जाड दोरी करा, चालणारी मुलं एकेक गाठ धरून जिन्याने उतरतात. त्यांना तो खेळच वाटतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना अग्निशमन यंत्रणेच्या तपासणीचा फॉर्म बी दाखवायला सांगा, तो दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. गॅसची नारिंगी नळी पाच वर्षांनी बदला आणि मुलं झोपली की रेग्युलेटर बंद.

लहानसं खरचटलं तरी त्याच दिवशी वहीत लिहा: वेळ, जागा, कोण जवळ होतं, काय केलं. पालक दारात आल्या आल्या, मूल हातात देण्याआधी सांगा. महिनाअखेरीस ती वही उलटून बघा. एकाच कोपऱ्यात किंवा एकाच वेळेला तीन नोंदी दिसल्या तर तो कोपरा बदला, किंवा त्या अर्ध्या तासासाठी आणखी एक बाई बोलवा.